साहेबापुढचं गाणं

"वैनी, तोंड उघड," असं म्हणत मुकादमानं खाऱ्या चिखलाचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. मुकादम माझा चुलत दीर. हुकूम मिठागराच्या कारभाऱ्याचा. तो ठाणे शहरातला शिकलेला, सोवळ्यातला माणूस. आम्हाला हात कसा लावणार? बांधावर छत्री धरून बघत उभा राहिला. माझा गुन्हा एवढाच, की मी काम करताना गात होते.

कळव्याच्या मिठागरात मीठ धरायच्या आधी जमीन पायांनी तुडवावी लागते, पाटासारखी सपाट होईपर्यंत. आम्ही बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून रांगेत उभ्या राहायचो. मी ओळ उचलायची, बाकीच्यांनी ओढायची, आणि सगळ्यांचे पाय एकदम पडायचे. पोटऱ्या भरून यायच्या, टाचा मिठानं फाटायच्या, पण गाण्याच्या नादात दिवस कलायचा. ही रीत माझ्या सासूच्या सासूपासूनची. जुन्या कारभाऱ्याला तिची कधी अडचण झाली नाही. हा नवा आला आणि म्हणाला, तोंड चाललं की काम थांबतं. मेल्या, आम्ही तोंडानं तुडवत होतो काय?

मी चिखल थुंकले. रडलेसुद्धा नाही, इतका राग आलेला. पण नवरा तापानं अंथरुणाला खिळलेला, घरात खाणारी पोरं. खाली मान घालून परत रांगेत शिरले.

मग सगळा हंगाम मुक्यानं. पाय मागेपुढे पडायला लागले, एकीचा धक्का दुसरीला, त्यावरून भांडणं. हसत येणाऱ्या बाया पाय ओढत यायला लागल्या. कामात कुणाचा जीव लागेना. कारभारी आम्हाला कामचुकार म्हणायचा. जीव यानंच काढून घेतला, आणि वर आम्हालाच विचारतोय कुठं गेला!

एकदा संध्याकाळी मुकादम घरी आला. म्हणाला, उद्या मिठागराचे मालक शेठ गोऱ्या साहेबाला आगर दाखवायला आणणार. धुतलेली लुगडी नेसा आणि गा. शेठची माणसं किती सुखात आहेत ते साहेबाला दिसलं पाहिजे. नाही गायलात तर परत आगरात पाय ठेवायचा नाही, असा कारभाऱ्याचा निरोप. हे सांगताना त्याला मान वर करवली नाही.

दुसऱ्या दिवशी बांधावर कनात, खुर्च्या. कारभाऱ्याच्या आवाजात गूळ.

"हं, म्हणा गं बायांनो."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उचलल्याशिवाय कुणी ओढत नाही. नवरा डोळ्यांपुढं आला, चूल दिसली. तरी मी गायले नाही.

शेठनं विचारलं, "काय गं, गाणं येत नाही?"

"येतं. पन तुमच्या मानसानं या तोंडात चिखल कोंबलाय. आता तुमच्या पावन्याम्होरं नाय मी गानार."

साहेबानं कारभाऱ्याला विचारलं, बाई काय म्हणते. कारभारी इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेब हसला. बाई लाजते आहे, असं सांगितलं होतं म्हणे त्यानं. लाजते!

मी रांगेतून निघाले. एकटीच. काम गेलं.

आता पारसिकच्या डोंगराखाली खडी फोडते. परवा इथल्या मुकादमानंही सांगितलं, साहेब यायचाय, जरा हसतमुख राहा. मी हातोडा खाली ठेवला. म्हटलं, हात लावलेत कामाला, तोंड नाही. आणि दुपारी भाकरी खाताना एकेका बाईशी बोलून ठेवलंय. साहेबासमोर हसायला लावलं, तर आम्ही सगळ्याजणी हातोडे टाकून खाली बसणार. मग सांगू दे त्याला, बाया लाजतात म्हणून.