कुंडलिकची नाव

अकलूजजवळ नीरेत कुंडलिक नाव चालवायचा. अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे, चाळीस वर्षं. चौऱ्याहत्तर साली आम्ही शहरातल्या एकाच ऑफिसातले तिघं त्याच्याकडे गेलो आणि दिवसभरासाठी नाव ठरवली.

"कुटं उतरायचं?" त्यानं विचारलं.

"कुठंच नाही. नुसतं नदीतून फिरायचं, निवांत."

त्यानं आमच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं आणि नाव सोडली.

पहिला अर्धा तास खरंच निवांत गेला. बगळे पाहिले, भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडली. तेवढ्यात काठावरून कुणीतरी हाळी दिली. कुंडलिकनं लगेच नाव वळवली, आणि माहेरी निघालेली एक बाई शेळीसकट आमच्यात येऊन बसली. पुढच्या हाळीला वैरणीचे दोन भारे आले, त्यांच्यामागून त्यांचे मालक. दुपारपर्यंत आमची भाकरी शेळीच्या पोटात होती आणि मी घुश्श्यात वैरणीवर बसलो होतो.

"मामा, नाव आम्ही ठरवलीय ना?" शेवटी मी म्हणालोच.

कुंडलिकचं वल्हं काही थांबलं नाही.

"व्हय की. पर तुमाला कुटंच जायचं न्हाय. त्यास्नी जायचंय."