मॅडमच्या दातावरचा डाग

बीडच्या बसस्थानकामागे आमच्या दातांच्या मॅडमचा दवाखाना होता. मॅडम पूर्ण तोंड उघडून हसत आणि हसल्या की समोरच्या दातावरचा तपकिरी डाग आधी दिसे. दातांच्या डॉक्टरचाच दात असा, म्हणून नवे पेशंट चरकत. कोणी विचारलंच तर म्हणत, "लहानपणी उसाच्या गाडीवरून पडले. लागलं दुधाच्या दाताला, निशाणी उमटली पक्क्यावर. झाकता येतो की! पण मग तुमाला दाखवू काय?"

आम्हाला तो डाग पाहायची वेळ नारायणगडाच्या दर्शनामुळे आली. माझी धाकटी स्वरा, तेव्हा तीन वर्षांची, धावताना पडली. हातातला प्रसादाचा नारळ तिनं सोडला नाही, त्यामुळे हात टेकलेच नाहीत. नारळ शाबूत राहिला आणि वरचा पुढचा दात निम्मा हिरडीत घुसला.

"दुधाचाच हाय, पडणारच व्हता," दवाखान्यात माझी आई म्हणाली.

"पडणार व्हता, आजी. पण त्याच्या मागं हाडात पक्क्या दाताचा कोंब हाय. त्याला किती लागलं, ते तो दात आल्यावरच कळंल."

मला आकड्याशिवाय चैन पडत नाही. विचारलं, "मॅडम, किती टक्के धोका?"

"टक्के बँकेत विचारा, भाऊ. इथं वाट बघायची. अन् सांगितल्या वेळी पोरीला आणायचं, दुखत नसलं तरी."

हे 'दुखत नसलं तरी' त्या प्रत्येक आईबापाला सुनावत. स्वराचा दात हळूहळू आपणच खाली आला, पण करडा पडला. पुढं हिरडीवर एक पुळी आली. आईनं ती उष्णतेची ठरवून सब्जा पाजला. दुखत नव्हतंच; मॅडम रागावतील म्हणून नेलं. दात आतून मेला होता, मुळाशी पू धरला होता. मॅडमनी तो काढला. "राहिला असता तर कोंबाला बाधला असता," म्हणाल्या.

मग नुसती खिंड. वर्गातली पोरं 'बोळकी' म्हणू लागली आणि स्वरा ओठ मिटून हसायला शिकली. शेजारचा पक्का दात आला, हा येईना. त्यातच मॅडम दवाखाना बंद करून लेकीकडे नाशिकला निघाल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी हिरडी चाचपली. "उशीर हाय, पण येतोय." मग स्वराला म्हणाल्या, "आला की पहिला मला दाखवायचा. डाग निघाला तर आपण दोघी सारख्या!"

या वर्षी दात आला. सरळ, शेजारच्याच्या रांगेत. कडेला फक्त ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका. आम्ही मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मी बॅटरी धरून ठिपक्याचं माप सांगू लागलो.

"भाऊ, तुमी बाजूला व्हा. पोरगी दिसू द्या."

स्वरानं ओठ वर करून दाखवलं आणि रुसून म्हणाली, "मॅडम, माझा लईच बारीक हाय. तुमच्यासारखा न्हाईच."

तिकडून ते जुनं हसू आलं. इकडं स्वराही हसली, ओठ मिटायचं विसरून. बॅटरी मी तेव्हा कुठं विझवली.