मेडशीच्या माडीवरचा घाट

चौथीच्या मुली पाढे म्हणत होत्या, आणि मेडशीहून सर्व्हिस मोटारीने आलेला आमचा गडी टोपी हातात घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. "ताई, गुनवंतभाऊ गेले जी..." माझा धाकटा भाऊ साध्या तापाने गेला. मी शिकवते ते वाशीम मेडशीहून काही लांब नाही, पण आधी कळवायचं कुणाला सुचलं नाही. मला राग आला. अजूनही येतो. तापाचा येतो आणि गुणवंताचाही येतो, कारण हाती घेतलेलं काम अर्धं टाकून उठणारा तो माणूसच नव्हता.

त्याचं काम म्हणजे आगगाडी. खरी नव्हे हो! खरी आमच्या वाशीम-मालेगावकडे अजून यायचीच आहे. येणार, येणार हे ऐकतच आम्ही मोठे झालो. अकोल्याला कापूस विकायला गेला असताना एका दुकानात त्याला सुट्या भागांची पेटी दिसली. चावीचं इंजिन, चाकं, रूळ, स्क्रू, सगळं आपण घरी जोडायचं. पेटीतल्या कागदावरची इंग्रजी मी वाचायची आणि तो जोडायचा. पहिल्या खेपेला इंजिन असं जोडलं की पुढे सोडलं की मागे पळायचं. "आपल्या घरचंच हाये, बाबावर गेलं," म्हणाला. पुढे जर्मनीची लढाई सुरू झाली आणि अशा पेट्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा डबे तुपाच्या डब्यांच्या पत्र्यातून कापले आणि रुळाच्या पट्ट्या गावच्या लोहाराकडून मारून घेतल्या. माडीवर फळ्या टाकून अकोला ते वाशीम अशी वाट आखली, आणि मध्ये माती, बांबूचे टट्टे, गवत लावून पातूरचा घाट उभा केला. सगळा जीव त्या घाटात. गावात जो तो म्हणे, घाटापायीच रेल्वे इकडे येत नाही, गुळगुळीत लोखंडी चाक चढावर चढेल कसं? गुणवंत म्हणे, चढते. वळणं घेत घेत चढते, मी चढवून दाखवतो.

बाबांना हे थेर पटत नव्हते. "कापूस ठेवाले जागा नाही, अन् याची गाडी माडीवर पाय पसरून झोपून राह्यली!" शेवटी शर्त लागली. दसऱ्याला सोनं द्यायला गाव येतं, त्या सगळ्यांसमोर गाडी घाट चढली तर माडी गुणवंताची. नाही चढली, तर रूळ उपटायचे आणि माडीत कापूस भरायचा. "मंजूर," तो म्हणाला. तालमीत गाडी रोज चढत होती, त्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती.

दसऱ्याला माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी सुटली, सपाटीवर झोकात धावली, आणि घाटाच्या पायथ्याशी चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. गाडी हळूहळू मागे घसरत आली. लोक हसले. बाबा तर मांडीवर थाप मारून हसले. गुणवंताने पुन्हा चावी दिली. पुन्हा तेच. "काहून हट करून राह्यला रे? उपट आता!" पण हा उठेचना. त्याने रुळावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि दाराकडे बघितलं. दारात त्याची बायको सुभद्रा उभी होती, चेहरा पांढराफटक. "काल खंडेनवमी होती नं," ती म्हणाली. "नांगर पुजला, वखर पुजलं, इळे पुजले... हेबी लोखंडच हाये म्हटलं. जंग लागू नये म्हून तेल लावलं, हळदीकुंकू वाह्यलं."

दुसरा कुणी असता तर चारचौघांत बायकोवर ओरडला असता. माझा भाऊ डोळ्यांत पाणी येईतो हसला. "अवं, पूजा बराबर हाये तुयी. तेल लय झालं निस्तं!" सुभद्रा खाली गेली, चुलीतली राख घेऊन आली, आणि सासऱ्यासमोर, गावासमोर गुडघे टेकून अख्खा घाट घासून काढला. चाकाला पकड मिळावी म्हणून वळणावर चिमूटभर राख मुद्दाम ठेवली. मग गाडी चढली. वळणावर रेंगाळली, तेव्हा माडीवर कुणी श्वास घेत नव्हतं... आणि माथ्यावर पोचली तेव्हा जो गिल्ला झाला, तो चावडीपर्यंत ऐकू गेला असेल. बाबांनी हातातलं आपट्याचं पान गाडीच्या मागच्या डब्यात टाकलं आणि ते खाली गेले.

तेव्हापासून सुभद्राही माडीवर बसायला लागली. स्क्रू पिळण्यात तिचा हात त्याच्यापेक्षा हलका. दोघांनी मिळून रूळ मालेगावपर्यंत आणले, आणि यंदा हा ताप आला.

दिवाळीनंतर मी पुन्हा मेडशीला गेले, ती भांडायच्या तयारीनेच. कापूस घरी आला होता. अडवणारा उरला नव्हता, माडी आता भरलीच असणार असं मी धरून चालले होते. बघते तर ओसरीत कापूस, बैठकीत कापूस, बाबांच्या खाटेभोवती छातीइतका कापूस, आणि मध्ये बाबा खोकत बसलेले. वर गेले. सुभद्रा फळीवर वाकून रुळाची पट्टी बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, बरं झालं आल्या. मालेगाव सुटलं, आता वाशीम गाठाचं हाये. वळन काही जमत नाही, तो पेटीतला कागद वाचा बरं जरा." मी वाचला. कसा वाचला ते मलाच ठाऊक.

खाली येऊन मी विचारलं, "बाबा, वर एवढी जागा रिकामी असून तुमी इथं कापसात काहून झोपता?"

बाबांनी मिशीला चिकटलेला कापूस काढला. "रिकामी कुठी हाये? शर्त हारलो मी," ते म्हणाले. "अन् तो गेला म्हून शर्त थोडीच गेली?"