ब्राउझर आधी बंद कर

कुणाचा देवावर विश्वास असतो, कुणाचा विम्यावर. आमच्या आतोबांचा फक्त बॅकअपवर. परळच्या त्यांच्या दोन खोल्यांत प्रत्येक वस्तूला जोडीदार आहे. चष्मे तीन, छत्र्या चार, आणि कुलपाच्या किल्ल्या इतक्या, की खरं कुलूप कोणतं हे आता त्यांनाही सांगता यायचं नाही. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात. आतोबांनी आत्याचा ब्राउझर सांभाळायला घेतला. तिची नजर अधू झाली, तेव्हा शिंप्याने मापाचा झंपर शिवावा तसा त्यांनी तो तिला बेतून दिला. अक्षरं टपोरी करणारं एक ॲड-ऑन, पान मराठीत वाचून दाखवणारं दुसरं, जाहिराती अडवणारं तिसरं. जाहिराती बंद झाल्यावर आत्या रुसली. "अहो, साड्या तरी दिसू द्या!" म्हणाली. तेव्हापासून साड्यांच्या एका दुकानाला त्या बंदोबस्तातून खास सूट होती.

एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून दर रविवारी सकाळी आंघोळ करून आतोबा बॅकअप घ्यायचे. म्हणजे ॲड-ऑन, खूण करून ठेवलेली पानं, उघडी पानं असा आत्याचा सगळा संसार पेन ड्राइव्हवर उतरवायचे. त्याचा पहिला नियम मला झोपेतही पाठ आहे : "ब्राउझर आधी बंद कर! माणसं जेवत असताना कुणी पंगतीचे पाट उचलतं का?" महिन्याच्या पहिल्या रविवारी तालीम असे. मला पोह्यांचं आमिष दाखवून बोलावलं जाई आणि पेन ड्राइव्हवरून सगळं माझ्या लॅपटॉपवर परत आणलं जाई. "बॅकअप नुसता घेऊन भागत नाही रे. परत आणून बघितला नाही, तर तो बॅकअप नाही, नवस!" परीक्षक अर्थात आत्या. ती पदराला हात पुसत यायची, पडद्याला नाक लावायची आणि म्हणायची, "ही अक्षरं माझी नाहीत. माझी याहून टपोरी." आतोबा खाली मान घालून पुन्हा सुरुवात करायचे. साहेबाला कधी घाबरले नसतील इतके ते त्या निकालाला घाबरायचे.

परळ बुडालं तर काय, म्हणून एक पेन ड्राइव्ह माझ्याकडे गिरगावात असे. गिरगावही बुडालं तर, म्हणून एक त्यांच्या भावाकडे शीवला. महिन्याला जुना परत करून नवा न्यायचा. शीवचे काका वक्तशीर. मी आळशी. माझा पेन ड्राइव्ह तिळगुळाच्या रिकाम्या डब्यात पडलेला असायचा आणि आतोबा फोनवरून माझा उद्धार करायचे.

मग आत्या आजारी पडली. दोन महिने दवाखाना झाला आणि ती गेली. त्या धावपळीत अदलाबदल कुठली आणि तालीम कुठली! पण आतोबांचा रविवार चुकला नाही. तिच्या माघारीही ते बॅकअप घेत राहिले, शीवला पाठवत राहिले. मी मात्र तिकडे फिरकलो नाही. आत्याशिवाय त्या घरात जायचं माझ्या जिवावर येत होतं, हे खरं कारण.

वर्षभरात तिच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली, ती कोरी पाटी. आतोबा शांत होते. "मी काय मूर्ख आहे? बॅकअप आहे," म्हणाले आणि मला बोलावून घेतलं. परळचा पेन ड्राइव्ह लावला. ब्राउझर उघडला तो रिकामा, अक्षरं मुंगीएवढी. शीवचा मागवला, तीच गत. आतोबा खुर्चीत बसले ते उठेचनात.

"मी तो बंद करत नव्हतो रे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"ती दवाखान्यात गेली तेव्हा तिची पानं उघडीच होती. बंद केली आणि परत आलीच नाहीत तर? तशीच ठेवली. उघड्यावरच बॅकअप घेत गेलो. सगळे अर्धेमुर्धे निघाले बघ. मीच घालवलं तिचं सगळं."

जगाला नियम सांगणारा हा माणूस स्वतःच्या नियमाला इतका घाबरला होता! मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आणि मग तिळगुळाचा डबा आठवला. मी परत न केलेला तो पेन ड्राइव्ह आत्या आजारी पडायच्या आधीचा होता. तेव्हा ब्राउझर नियमाने बंद होत होता.

मी टॅक्सीने गिरगावला गेलो आणि त्याच टॅक्सीने परत आलो. लावला. पडद्यावर सुक्या बोंबलाच्या चटणीची कृती उघडली, एकेक अक्षर बोराएवढं. शेजारी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेळा. तिसऱ्या पानावर साडीची जाहिरात लुकलुकायला लागली आणि आतोबा ढसाढसा रडले. जाहिरात बघून रडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझंही काही खरं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं. "आता नवा बॅकअप घ्यायला हवा," म्हणाले. माउसवर हात ठेवला आणि थांबले. "तू कर बंद."

"नाही आतोबा. तुम्हीच करा."

त्यांनी डोळे मिटून बंद केला. बॅकअप झाला. पुन्हा उघडला, तर बोंबील जागच्या जागी.

आता पहिल्या रविवारी मी न चुकता परळला जातो. पोहे आतोबा करतात आणि ते खारट होतात. परीक्षक मी आहे. ती अक्षरं मला फार मोठी पडतात, एका वेळी चार शब्द मावतात, पण आतोबांनी "माप बरोबर आहे ना रे?" विचारलं, की मी पडद्याला नाक लावून "अगदी तिचंच" म्हणतो. मग ते ब्राउझर बंद करतात, आणि तो पुन्हा उघडेपर्यंत आम्ही दोघंही काही बोलत नाही.