मीटरशी न जुळणारी पहिली वीस मिनिटं

ऑफिसातले किस्से वाळलेल्या कपड्यांसारखे खुर्चीवर साठत जातात. घडी घालायला बसलं की कळतं, निम्मे आपलेच आहेत!

लेक दोन वर्षांची झाल्यावर मी खराडीतल्या एका छोट्या कंपनीत लागले. काम अगदी नवं. शहराच्या एका भागातल्या टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर मांडायचे आणि कुठे किती पाणी जाईल ते आधीच सांगायचं. याला म्हणायचं मॉडेल. मोघे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सहा महिन्यांत तुमचं मॉडेल खऱ्या मीटरशी जुळलं तर नोकरी पक्की. नाहीतर भेटून आनंद झाला."

*

पहिल्याच आठवड्यात माझ्या मॉडेलमध्ये पाणी उलटं चाललं. घराघरांतून निघून टाकीकडे! मला वाटलं, काहीतरी शोध लागला. सरांनी चष्मा वर करून पाहिलं. टाकीची समुद्रसपाटीपासूनची उंची पाचशे नव्वद मीटर हवी होती, मी एकोणसाठ टाइप केली होती.

"मॅडम, टाकी पुरलीत तुम्ही. आता दोन फुलं तरी वाहा."

*

व्हॉल्व्ह किती उघडा, असा एक रकाना असतो. तो भरायला मी येरवड्यात शेखचाचांना गाठलं. तिथले व्हॉल्व्ह तेच फिरवतात, आधी त्यांचे वडील फिरवायचे.

"चाचा, हा किती टक्के उघडता?"

"टक्के काय माहीत नाय, ताई. साडेचौदा आटे."

"कुठे लिहिलंय?"

त्यांनी मनगट पुढे केलं. "इथं. पंधरावा आटा दिला की खालच्या गल्लीत भांडणं!"

मी मुकाट्याने साडेचौदा भरलं. कॉम्प्युटरने ते टक्के धरले आणि स्क्रीनवर अर्धा येरवडा कोरडा पडला.

*

मॉडेल अख्खा दिवस अकरा सेकंदांत चालवून दाखवतं. तेवढ्यात मी पाळणाघराला फोन लावलेला असतो. एकदा तिथल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "अहो, ती मजेत खेळतेय. रडका आवाज तुमचाच येतोय!"

*

सहावा महिना संपत आला. सगळं जुळलं, फक्त पाणी सुटल्यावरची पहिली वीस मिनिटं जुळेनात. मीटर माझ्या हिशोबाच्या जवळजवळ दुप्पट पाणी दाखवायचं. सर म्हणाले, "गळती असेल. किंवा तुम्ही." मला दुसरी शक्यताच खरी वाटली.

शेवटी एका सकाळी चाचांबरोबर गल्लीत जाऊन उभी राहिले. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला आणि दारोदारी बायका भरलेले हंडे, कळश्या गटारात ओतायला लागल्या!

मी एकीला विचारलं, "अहो ताई, चांगलं पाणी का ओतताय?"

"कालचं आहे ते. शिळं."

ऑफिसात येऊन मी मॉडेलमध्ये नवा रकाना टाकला, 'शिळं पाणी'. ओतून पुन्हा भरलेले हंडे मोजून आणलेच होते. आलेख मीटरवर जाऊन चपखल बसला.

सर म्हणाले, "भरलेलं पाणी रोज ओतून द्यायचं? सुशिक्षित माणसं असं करत नाहीत, मॅडम. थांबा." त्यांनी घरी फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"अगं, सकाळी नळ आला की तू काय करतेस?"

"काय करते म्हणजे? कालचं पिंप ओतून देते, ताजं भरते. का हो, शिळं पाणी प्यायचंय तुम्हाला?"

सरांनी फोन ठेवला, माझा कन्फर्मेशनचा फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाले, "रकान्यात पिंपं धरलीत का?"