मांजराच्या पावलांचा गियर

आ-त्सेची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याला डोकं नव्हतं. खांदेही नव्हते. माझ्या न्याहारीच्या दुकानासमोर एक करडी म्हातारी मोटार उभी होती आणि तिच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आलेले होते. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यातली गटारापर्यंत गेली होती. पाय हलत नव्हते. पूलीसारख्या डोंगरातल्या गावात सकाळच्या वेळी न हलणारे पाय म्हणजे केवढी मोठी गोष्ट. बघता बघता अर्धं गाव जमलं, उरलेलं अर्धं स्कूटरवरून निघालं होतं. समोरच्या देवळातली म्हातारी उदबत्त्या घेऊन आली. एकाने ते पाय ओळखले. दुसऱ्याने सांगितलं, त्याचे नव्हेत, त्याचे मी जवळून पाहिलेत. आधी पोलीस बोलवायचा की भगत, यावर दोन तट पडले आणि दोन्ही तटांनी माझ्याकडे सोयाबीनचं दूध मागितलं. शेवटी दुकानाचा मालक या नात्याने मी पुढे झालो आणि अंड्याच्या पोळ्या परतायच्या उलथन्याने एका तळव्याला हळूच स्पर्श केला. उलथनं तव्यावरून थेट आलं होतं हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

पाय तसूभर हलला नाही. आतून फक्त आवाज आला, "लिहिणं अर्ध्यावर आलंय. कुणी गाडीला हात लावू नका."

मग काही वेळाने बाकीचा माणूस बाहेर आला. बारीक, जाड चष्म्याचा, केसांत गाडीतला कचरा. त्याने पायाकडे पाहिलं, फोड पाहिला, आणि मला विचारलं, "मालक, एक पोळी मिळेल?"

आ-त्से म्हणजे च्यान मिंग-त्से. शिन्चूला चिपच्या कारखान्यात त्याने सगळी उमर यंत्रांना आज्ञा लिहून देण्यात घालवली होती. माणसांशी बोलायचं राहूनच गेलं होतं. पूली हे त्याच्या बायकोचं माहेर. सू-मान आजारी पडली, आजार मणक्यात उतरला, आणि ती म्हणाली, आता मला डोंगर दिसतील अशा ठिकाणी ने. त्याने नोकरी सोडली आणि तिला इथे आणलं. डोंगराखालच्या तायचुंग शहरातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हे बरं होणार नाही. दर आठवड्याला आणून उपचार घेतलेत तर दुखणं आवाक्यात राहील, बसता येईल, चार घास जातील. नाहीतर नाही. म्हणजे सगळं येऊन थांबलं तायचुंगच्या रस्त्यावर.

आणि रस्त्यावर त्या गाडीचा गियर होता. गाडी आपोआप गियर बदलणारी होती, पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मागून कुणी टपली मारावी तसा धक्का बसायचा. तुम्हाआम्हाला तो कळतही नाही. मागच्या सीटवर आडव्या पडलेल्या सू-मानला तो मणक्यात कळायचा. रुग्णवाहिका करून झाली होती, टॅक्सी करून झाली होती. तायचुंगच्या टॅक्सीवाल्याबद्दल ती म्हणाली, "तो गाडी चालवत नव्हता, गाडीशी भांडत होता."

"मग नवी गाडी घे की," मी म्हणालो.

"नव्या गाड्या मला आत येऊ देत नाहीत. सगळ्याला कुलूप. ही म्हातारी आहे, हिचं दार उघडतं."

गियर कधी बदलायचा आणि तेल किती जोराने दाबायचं हे ठरवणारा एक छोटा संगणक त्या गाडीत होता. आ-त्से स्टिअरिंगखाली वायर जोडून त्यातला मजकूर आपल्या लॅपटॉपवर काढायचा, आकडे बदलायचा आणि परत आत लिहायचा. लिहिणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंकायचं असेल तर देवळापर्यंत जाऊन शिंकायचं. गियरच्या दांड्याला तो नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट बांधून ठेवायचा. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात, बँकांतसुद्धा. पाकीट हिरवंच हवं आणि मुदत संपलेलं नको. एकदा मी ते भुकेपोटी फोडलं. त्या दिवशी गाडी मागे जायचीच बंद झाली आणि आ-त्से आठवडाभर माझ्याकडे चोराकडे पाहावं तसा पाहत होता.

धक्क्यांना नावं सू-मानने दिली होती. मोठा धक्का म्हणजे बोकड. लांबलेला, आळसटलेला म्हणजे म्हैस. आणि तिला हवं होतं मांजर.

"मांजर खोलीत आलेलं कळतं का आ-फा दादा?" तिने मला विचारलं. "मागाहून कळतं, ते आधीपासून बसलेलंच असतं. तसा गियर पाहिजे."

"वहिनी, तो लिहून देईल तुम्हाला मांजर. दोन बोकडं गेली की येईलच."

तिला प्रत्येक चाचणीला नेणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्या जागी मी. दुपारी दुकान बंद केलं की मी उशी घेऊन मागच्या सीटवर आडवा व्हायचो. माझं शरीर माझ्याच पोळ्यांनी घडवलेलं आहे, ते त्या सीटवर मावायला गुडघे हनुवटीला लावावे लागत. गाडी डोंगराच्या चढाला लागायची.

"कोणता प्राणी?"

"आं? पोचलो का?"

"मालक, तुम्ही झोपलात."

"मग मांजर लिही."

"ते उत्तर नव्हे."

एकदा त्याने तेलाचा जोर इतका कमी केला की चढावर इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी मात्र जागेवर विचार करत होती. कोबीच्या गड्ड्यांनी लादलेल्या स्कूटरवरची एक आजी आम्हाला मागे टाकून गेली. जाताना तिने आत वाकून पाहिलं आणि मला, गुडघे पोटाशी घेतलेल्या मला, म्हणाली, "कळा सुरू झाल्यात का रे पोरा?"

आ-त्से हसला नाही. म्हणाला, "जास्त मऊ केलं तर आतल्या चकत्या घसरून जळतात. गियरबॉक्स फार दिवस टिकणार नाही."

"मग?"

"पुरेल तेवढे दिवस टिकला की झालं."

 

पहिल्या खऱ्या फेरीनंतर सू-मान म्हणाली, "गाडी आ-फा दादांच्या वजनाला शिकलीय. मी त्यांच्या निम्मीसुद्धा नाही." हे खरं होतं. त्या जुन्या गियरची एक खोड होती. वर लिहिलेले आकडे एकीकडे, आणि चालवता चालवता तो स्वतः जे शिकायचा ते वेगळं. ते शिकायला त्याला आठवडे लागायचे. म्हणून माझी नोकरी गेली आणि माझ्या जागी तांदळाचं पोतं आलं, सू-मानच्या वजनाचं. आ-त्से त्या पोत्याला उशी द्यायचा, पट्टा लावायचा आणि रोज त्याच चढावर नेऊन आणायचा. गाव म्हणे, आपला जावई तांदळाला हवा खायला नेतो.

दर आठवड्याला इस्पितळात तिचं वजन होई. परत आला की आ-त्से पोत्यातून काही वाट्या तांदूळ काढायचा आणि माझ्या दुकानात आणून द्यायचा. मी त्याची पेज करून लोकांना वाढायचो. पहिल्यांदा आणले तेव्हा मी म्हटलं, "हे कशाचे?" त्याने सांगितलं. पुढे मी विचारलं नाही. थंडी वाढली, पेजेला गिऱ्हाईक चांगलं होतं, आणि तांदूळ येतच राहिला.

नव्या वर्षाच्या थोडं आधी, तायचुंगहून परत येताना सू-मानला झोप लागली. गाडी घरासमोर थांबली तरी तिला कळलं नाही. मग डोळे उघडून ती म्हणाली, "मांजर आलं होतं वाटतं."

आ-त्सेने ते मला येऊन सांगितलं. तो हसत होता, आणि त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

नव्या वर्षाआधी आमच्याकडे घर धुऊन निघतं, जुनं ते काढून नवं बसवतात. सू-मानचा भाऊ क्वो-तुंग प्रेमळ माणूस आहे, आणि प्रेमळ माणसाला रिकामे हात सहन होत नाहीत. पुढच्या फेरीला तो तायचुंगला सोबत आला, आणि बहीण उपचारांना व मेव्हणा औषधांच्या रांगेत असताना गाडी घेऊन गेला. चाकं, गाद्या, इंजिन, सगळं धुतलं, आरशाला लाल फीत बांधली, आणि जुनी बॅटरी काढून स्वतःच्या पैशांनी नवी बसवली. हिरवं पाकीटही ताजं आणलं. मुदत तपासून.

बॅटरी निघाली आणि गाडी सगळं शिकलेलं विसरली. आकडे राहिले, पण तांदळाच्या पोत्याबरोबर चढावर मिळवलेलं ते सगळं गेलं. आ-त्सेला हे परतीच्या रस्त्यावर पहिल्या सिग्नलला कळलं. पूलीपर्यंत किती बोकडं झाली ते मला माहीत नाही. क्वो-तुंग पुढे बसला होता आणि मधूनमधून विचारत होता, "चकाचक झाली ना, भावजी?"

"झाली," आ-त्से म्हणाला.

सू-मान मागून म्हणाली, "फीत छान आहे रे."

दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेलो. ती भिंतीकडे तोंड करून होती. "आ-फा दादा, आता मी नाही जायची. त्याला सांगू नका धक्क्यामुळे म्हणून. सांगा, कंटाळा आला."

"त्याला कळतं, वहिनी."

"कळू दे. तुम्ही आपलं कंटाळाच सांगा."

मी तसंच सांगितलं. आ-त्सेने मान हलवली, पोतं सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि चढाकडे निघून गेला. रोज जात राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याने मला बोलावलं, मागे झोपवून चढावर नेलं आणि विचारलं, कोणता प्राणी. मी जागा होतो. धक्का मला एकदाही कळला नाही आणि मी तसं सांगितलं. घरी तिला उचलताना येणाऱ्या अंदाजाने तो तांदूळ काढत राहिला होता; पोतं तेव्हा निम्म्यावर आलं होतं.

सू-मान त्याच आठवड्यात गेली. तिला डोंगरावर पुरायला नेण्यासाठी क्वो-तुंगने वेगळी गाडी ठरवली. ती गाडी हाताने गियर टाकायची होती, दर गियरला बोकड.