शेवंतीच्या जागी रागी

बंगळुरूजवळच्या येलहंका स्टेशनवर सकाळी उतरले तेव्हा जवळ एक बॅग, पाण्याची बाटली आणि एक फाईल होती. फाईल पुण्यातच लावून ठेवली होती: पहाणी (इथला सातबारा), आधार, पासबुक, अर्ज. सगळे कागद सुमाअक्काने फोनवर पाठवले होते. अक्का माझी आतेबहीण. लग्न होऊन देवनहळ्ळीजवळच्या मळ्यात गेली. सासर कैक पिढ्या इथलंच, पण घरात मराठी. टाळेबंदीत फुलबाजार बंद पडला, तेव्हा सरकारने फुलशेतीला मदत जाहीर केली. अक्काला ती मिळाली नाही. दोन वर्षांनी आज कचेरीत तिच्या तक्रारीची सुनावणी होती. मदत आली तर पुन्हा शेवंती लावायची, नाही तर प्लॉट पाडणाऱ्याला होकार द्यायचा, असं घरात ठरलं होतं. "कागद नीट असले की काम होतं," मी तिला ठासून सांगितलं होतं.

घाईत विमानतळाची बस धरली. मध्येच उतरून दुसरी घ्यावी लागली. रस्त्याकडेला द्राक्षांचे मांडव आणि त्यांच्यामध्येच लेआउटच्या रंगीत कमानी. कमानींच्या मागे नुसते प्लॉटांचे दगड रोवलेले.

घरी पोचताच अक्काने मुद्दे (रागीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा) आणि सारू, म्हणजे पातळ आमटी, वाढलं.

"चावू नकोस गं, गिळ. स्वल्प स्वल्प घे."

शेजारचा मुनियप्पा टेंपो घेऊन आला होता. त्याला मदत केव्हाच मिळाली होती. साक्षीला म्हणून तो बरोबर निघाला. मराठी शेजारात वाढल्यामुळे आमची भाषा त्याला येते.

कचेरीत कारकुनाने आम्हाला खुर्च्या दिल्या. मग कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. तो कन्नडात बोलत होता, मुनियप्पा मला हळूच मराठीत सांगत होता.

"अम्मा, तुमच्या शेतात रागी आहे."

दोन वर्षांपूर्वी पीक नोंदवायला आलेल्या माणसाने काढलेला तो फोटो होता. गुडघाभर हिरव्यागार रागीत अक्का उभी. केस विंचरलेले, पदर नीट, चेहऱ्यावर हसू.

"तो म्हणाला, अक्का, शेतात उभ्या राहा. राहिले," अक्का म्हणाली. "शेवंती त्याच्या आधीच उपटली होती, सर. घेणारं कोण होतं? पाऊस पडल्यावर रान मोकळं कसं ठेवायचं? म्हणून रागी पेरली."

"सरी, बरोबर आहे, अम्मा. पण मदत फुलांना आहे."

मी फाईल पुढे केली. त्याने एकेक पान उलटलं.

"फार छान लावलंय," तो म्हणाला. "यात शेवंतीचा फोटो तेवढा नाही."

फोटो नव्हताच. रोजच्या रानाचा फोटो कोण काढून ठेवतो?

बाहेर आल्यावर मुनियप्पा टेंपोला टेकून उभा राहिला. "माझी झाडं वाळून तशीच उभी होती. उपटायचा कंटाळा. त्यांनी वाळक्या शेवंतीचाच फोटो काढला."

"तेव्हा बायकोनं किती शिव्या घातल्या होत्या तुला!" अक्का म्हणाली.

"आता शहाणा म्हणते."

तिघंही हसलो. घरी पोचल्यावर अक्काच्या नवऱ्याने, भावजींनी, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि प्लॉटवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी निघायच्या आधी अक्काला शोधत मळ्यात गेले. विहिरीजवळ शेवंतीच्या थोड्या ओळी तिने यंदाच लावल्या होत्या, पुढच्या लागवडीच्या रोपांसाठी. त्या भर फुलावर होत्या. ती त्या मुळासकट उपटत होती आणि मूठ मूठ बांधावर रचत होती.

"अगं, हे काय?"

"रान दुसऱ्याला द्यायचं तर साफ करून द्यावं."

"अक्का, ते इथे जेसीबी फिरवणार आहेत."

"फिरवू देत. आपण आपलं करावं."

मी बॅग बांधावर ठेवली आणि शेजारच्या ओळीपासून सुरुवात केली. गाडीची वेळ होईपर्यंत रान मोकळं झालं. एक काडीसुद्धा राहिली नव्हती.

पुण्यात सगळे विचारतात, बंगळुरूची हवा कशी होती? छान होती, म्हणते. प्रवासातून आल्यावर बॅग रिकामी केल्याशिवाय मी चहा घेत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. या वेळी बॅग अजून दाराशीच आहे. उचलायला वाकले की वाटतं, त्या वर्षी अक्काने थोडा आळस करायला हवा होता.